जवाईबापूंनी आणलेलं एस्टिमेट

१९८५ साल. मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि माझी स्वतःची जीप होती. वय सगळ्यांचंच होतं, जीप सगळ्यांची होत नाही, म्हणून दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं.

कुरखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मागे जंगल. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्या नव्या लागल्या होत्या, रस्ते जुन्या चांदा जिल्ह्याचेच होते. जीप मी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. खात्यानं तिला निकामी ठरवून काढून टाकलं होतं. निकामी म्हणजे साहेबाला नवी पाहिजे होती, एवढाच त्याचा अर्थ. मी चवथीपर्यंत शिकलो. चवथी पास झालो नाही, मास्तरची बदली झाली म्हणून सगळ्यांना वर ढकललं, असं माझी बायको लोकांना सांगते. ते खोटं आहे. मास्तर आमच्या निकालानंतर गेला.

जीप घेण्याआधी मी लाकडाच्या डेपोत होतो. सागाचे ओंडके फीत लावून मोजायचे, हेच काम उभ्या जवानीत केलं. गाडी चालवणं मात्र कोणी शिकवलं नाही. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांधीत मीच शिकलो. दोन बांध फोडले, ते पुन्हा घालून दिले.

या जीपचं मला एवढं काय होतं, ते सांगतो. माझ्या बापानं छप्पन साली धर्म बदलला. त्याच्या आधी आमच्या वस्तीतल्या माणसानं बाजाराला जायचं तर पाटलाच्या बैलगाडीमागून पायी, धूळ खात जायचं, गाडी अर्धी रिकामी असली तरी. धर्म बदलल्यावरही धूळ तीच राहिली. मग माझी जीप आली. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी त्याच पाटलाच्या घरची माणसं माझ्या दाराशी उभी राहून विचारू लागली, "भाऊ, जागा हाय का?" मी म्हणायचो, "सरकून घ्या." दहा माणसं, चार कोंबड्या, कधी एखादा बोकड. एवढ्या दाटीत शिवाशिवीला बसायला जागाच उरत नसे.

तर ती जीप विकायची की ठेवायची, असा प्रश्न त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या घरात उभा राहिला. मी उभा केला नव्हता. जावयानं केला.

माझी एकच पोरगी. ती दिली माजरीला. जावई कोळशाच्या खाणीत कारकून. खाणीत म्हणजे खाणीच्या वर, पंख्याखाली. त्याच्या अंगाला कोळसा कधी लागलेला मी पाहिला नाही, सफारी मात्र कायम लागलेली असे. बारा महिने सफारी, खिशाला दोन पेन. एक चालत नसे, तो शोभेचा.

चैत्रात नातवाचं नाव ठेवायचं होतं. मी बायकोला घेऊन, तांदळाचं पोतं टाकून, जीपनं माजरीला गेलो. ब्रह्मपुरी, मूल, चांदा, भद्रावती, एवढा पल्ला. वाटेत जीपनं धूर काढला, तेल प्यायली, चढावर दोनदा रुसली. माझ्या वयाचा माणूसही चढावर थांबतो, मी तिला काही म्हणालो नाही. पण पोरीच्या दारात जाऊन उभी केली तेव्हा अख्खी गल्ली निळ्या धुरानं भरली आणि पोरगी पोराला पदराखाली झाकत घरात पळाली.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, बाजाराच्या दिवशी अजूनई दहा जन भरता का?"

"बारा येतात. दोघाइले परत पाठवतो."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जावई बोलला. "मामाजी, इथी एक गॅरेज हाय. माह्या वळखीचा मानूस. उद्या गाडी दाखवून देऊ. फुकट पाहून देते."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आमच्याकडे जावयाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. जावई म्हणाला की चंद्र चौकोनी आहे, तर सासऱ्यानं म्हणायचं, तुमच्या गावून तसा दिसत असल. त्याच्या ताटात वाढायचं, त्याच्या पायाला पाणी द्यायचं आणि त्याचं ऐकल्यासारखं करायचं. म्हणून मी म्हणालो, "चाला."

पण फुकट पाहून देणारा मेकॅनिक मी तरी ऐकला नव्हता. डेपोत नवा मुन्शी आला की आम्ही त्याच्यासमोर एक पोकळ ओंडका ठेवायचो, तोंडाला माती भरून. मुन्शी ठोकून पाहतो की नुसता बघतो, ते कळायचं. तसंच केलं. पहाटे उठून बोनेट उघडलं आणि चारपैकी एका प्लगची वायर अर्धी बाहेर ओढून ठेवली. जीप लंगड्यासारखी चालायला लागली. वायर आत ढकलली की काम संपलं. इमानदार असेल तर तेवढंच सांगेल.

गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. मेकॅनिक जाडा, पान खाणारा. त्यानं बोनेट उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, जो जगातला प्रत्येक मेकॅनिक विचारतो.

"याले कोनी हात लावला होता?"

हात मीच लावला होता. मी म्हणालो, "मले काय माहीत. जुनी गाडी हाय, लय जनाइनं लावला असल."

"तेच म्हनतो. सत्यानाश करून ठेवला." असं म्हणून तो गप्प बसला. बोनेटखाली डोकं घालून मेकॅनिक जितका वेळ गप्प बसतो तितका आकडा वाढत जातो, हे मला त्या दिवशी समजलं. हा लय वेळ गप्प बसला. मध्ये मध्ये जीभ टाळूला लावून च्च करत होता. पाहुण्याच्या घरी मयताला गेलेले लोक करतात तसं.

मग तो खाली वाकला. समोरच्या उजव्या चाकाला वरून एक हात, खालून एक हात लावून त्यानं ते गदागदा हलवलं. चाक हललं.

"काकाजी, हे पाहा. किंगपिन गेला."

"तो काय असते?"

"समोरचं चाक ज्या पिनवर वळते ना, तो. झिजला. हे चाक कधी आडवं होईल, सांगता येत नाई."

इथे मला हसू आलं, ते मी दाबलं. मी बैलगाडीत वाढलेला माणूस. गाडीच्या चाकाला आसावर खेळ पाहिजे. हललंच पाहिजे. चाक आसाला घट्ट बसलं तर पन्नास पावलांत पेट घेतं. आमच्या गावचा सुतार चाक बसवून झाल्यावर ते हलवून दाखवतो आणि मग पैसे मागतो. आणि हा पानवाला मला हलणारं चाक दाखवून भीती घालत होता. मी मनात म्हणालो, बस झालं, हा चोर आहे.

वायरीबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. जाताना मीच ती गुपचूप आत ढकलली.

संध्याकाळी जावई घरी आला तो कागद घेऊन. वर गॅरेजचं नाव छापलेला, खाली इंग्रजीत लिहिलेला. मला इंग्रजी येत नाही म्हणून जावयानं वाचून दाखवलं. बोअर, पिस्टन, रिंगा, क्लच, ब्रेक, किंगपिन, रेडिएटर, सीट, रंग. रंगसुद्धा. मेलेल्या माणसाची दाढी करून द्यावी तसा. शेवटी आकडा. लिलावात अख्खी जीप मी त्याच्यापेक्षा कमीत घेतली होती.

जावई कागदाची घडी घालत म्हणाला, "मामाजी, येवढा खर्च करन्यापेक्षा काढून टाका. गिऱ्हाईक मी पाहून ठेवलं हाय. इथलाच एक कोळशाचा ठेकेदार. जशी हाय तशी घेते."

म्हणजे असं. मेकॅनिक माझ्या जावयाचा, गिऱ्हाईकही माझ्या जावयाचं. आणि मधात मी. डेपोत असे सौदे आम्ही रोज पाहिले. मालाला नाव ठेवणारा आणि माल घेणारा संध्याकाळी एकाच हॉटेलात भजी खाताना दिसायचे.

पण जावयाच्या तोंडावर हे बोलणार कसं. मी म्हणालो, "विचार करतो, जवाईबापू." आमच्याकडे विचार करतो म्हणजे नाही. ते त्याला माहीत होतं. त्यानं सफारीच्या खिशात कागद ठेवला आणि म्हणाला, "मी येतो मंग पुढच्या महिन्यात, सुट्टी काढून. तवा ठरवू."

बायको सगळं ऐकत होती. ही बाई एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला तोंड देते. त्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली आणि एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, जावयाचा मान ठेवून राह्यली. नंतर कळलं कशाचा मान होता तो.

परत येताना मी वडशाला थांबलो. रेल्वे फाटकाजवळ एक मेकॅनिक बसायचा, सिरोंच्याकडचा. घरात तेलुगू, बाहेर जमेल ती भाषा. त्याची परीक्षा घ्यायचीही मी सोडली नाही. त्याच्या दुकानाच्या अलीकडे झाडाखाली गाडी उभी करून तीच वायर तशीच ओढून ठेवली.

तो म्हणाला, "काय झालं, अन्ना?"

"आवाज पाह्य. लंगडते."

त्यानं आवाज ऐकला, हात घातला, वायर आत दाबली. जीप सरळ चालायला लागली.

"झालं," तो म्हणाला.

"पैसे?"

"कशाचे? चहा पाजा."

मी त्याला चहा पाजला, वर एक बिडीचा कट्टा दिला. गावात जाऊन चार लोकांत सांगितलं की अख्ख्या दोन जिल्ह्यांत इमानदार मेकॅनिक एकच आहे आणि तो वडशाला बसतो. माजरीच्या पानवाल्याचीही गोष्ट सांगितली. रंगाची ओळ आली की लोक पोट धरून हसायचे. चाक हलवून दाखवायची नक्कल मी इतकी चांगली करायचो की शाळेतली पोरं मागे लागायची. पाटलाचा भाऊ मला म्हणाला, "तुमाले फसवनारा अजून जन्माले याचा हाय, भाऊ." पाटलाच्या घरातून हे ऐकायला मला त्रेपन्न वर्षं थांबावं लागलं होतं, ते मी दोनदा म्हणायला लावलं.

जावई ठरल्याप्रमाणे आला. वैशाखाचं ऊन, गुरुवारचा दिवस. एसटीतून उतरला तोच सफारीत. कोंबडा कापला, वडे केले. जेवून तो अंगणात बसला आणि खिशातून पुन्हा तो कागद काढला. घडीवर तेलाचे डाग पडले होते, म्हणजे बराच फिरवला असणार.

"मामाजी, गिऱ्हाईक थांबलं हाय. सोमवारी येतो म्हनते."

मी म्हणालो, "जवाईबापू, आधी गाडी पाहून घ्या. वडशावरून दुरुस्त करून आनली."

"काय काय केलं?"

"सगळंच."

"किती घेतले?"

"चहा."

जावई हसला नाही. त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं आणि बायकोनं चुलीकडे. मी म्हणालो, "बसा. नाल्यापावतर फिरवून आनतो. चढ कशी घेते ते पाहा आन् मंग तो कागद वाचा."

नाल्याचा रस्ता म्हणजे आमच्या गावची परीक्षा. गावाबाहेर एक चढ, तो चढला की लगेच उतार, खाली कोरडा नाला, दोन्ही बाजूला बांध्या. बाजाराला जायचा तोच रस्ता. मी चढावर जीप अशी घातली की जावयानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. जीप चढली. धूर काढला, पण चढली. वर पोचल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. हळू घ्या, मामाजी."

"चोरानं सांगतलं होतं, इंजन गेलं. कुठी गेलं? इथीच तं हाय."

"तो चोर नाई, मामाजी."

"मी कुठी तुमाले म्हन्लं. मी त्याले म्हन्लं."

एवढं बोलून मी उतारावर जीप सोडली. नाल्याच्या अलीकडे एक दगड वर आलेला आहे, तो मी नेहमी डावीकडून चुकवतो. चुकवायला स्टेअरिंग वळवलं आणि खालून कोणीतरी लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. स्टेअरिंग माझ्या हातात फिरत राहिलं, नुसतंच. जीप उजवीकडे झुकली, बांधावरून घसरली, आणि नांगर घातल्यासारखं नाक कोरड्या बांधीत खुपसून थांबली. वेग फारसा नव्हता म्हणून आम्ही दोघंही बसल्या जागीच होतो. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, समोरचं उजवं चाक जमिनीवर आडवं झालं होतं, थकून निजलेल्या ढोरासारखं.

जावयाच्या सफारीच्या बाहीवर माती लागली होती, ती त्यानं झटकली नाही. मी खाली उतरलो, चाकाजवळ बसलो. पिन मधोमध मोडला होता. मोडलेल्या जागी तो इतका झिजलेला होता की करंगळीएवढा राहिला होता. मी बैलगाडीचं चाक आयुष्यभर पाहिलं. त्या चाकाला खेळ पाहिजे हे खरं आहे, आजही मी तेच सांगेन. पण बैलगाडीचं चाक वळत नाही, बैल वळतात. हे मला तिथे मातीत बसल्यावर सुचलं. घरी बसून सुचलं असतं तर मीही शहाणा ठरलो असतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्याच उतारावरून दहा माणसं नेणार होतो.

जावईही खाली उतरला. मला वाटलं, आता हा कागद काढून किंगपिनची ओळ वाचणार. त्यानं सफारीचा वरचा शर्ट काढला, घडी करून सीटवर ठेवला, आणि बनियनवर माझ्याजवळ उकिडवा बसला. "जॅक हाय का?"

"मागं हाय."

आम्ही दोघांनी मिळून जीप उचलली. जॅकखाली दगड लावले. तो पान्हा धरायचा, मी ओढायचो, मग मी धरायचो, तो ओढायचा. हाताला त्याच्या ऑइल लागलं तेव्हा पहिल्यांदा मला तो खाणीत कामाला असल्यासारखा वाटला.

चाक निघता निघता मी विचारलं. जावयाला असं विचारत नाहीत. पण बांधीत बसून, मातीनं माखलेल्या बनियनवरच्या जावयाचा मान तरी किती ठेवणार.

"जवाईबापू, खरं सांगा. त्या कागदात तुमचा हिस्सा किती होता?"

त्यानं पान्हा खाली ठेवला. "एक पैसा नाई."

"मंग रंग काऊन लिवला? सीट काऊन लिवली? रंगानं चाक मोडते का?"

"ते मी लिवाले लावलं."

"काऊन?"

"आकडा मोठा दिसाले पाह्यजे होता. तुमी गाडी इकाले पाह्यजे होती." मग नजर चुकवून म्हणाला, "तुमच्या पोरीनं सांगतलं. मी नाई म्हन्लं होतं. म्हन्लं, मामाजी असे ऐकनारे नाई. तं तिनं जेवन बंद केलं, माह्याशी बोलनं बंद केलं. म्हने, बाबा या वयात दहा मानसं घेऊन जंगलातून जाते, गाडी धूर काढते, ब्रेक उशिरा लागते, एखाद्या दिवशी बातमी येईल. मंग म्या त्या मानसाले सांगतलं, जे खरं हाय ते लिव, आन् त्याच्यावर अजून टाक."

"म्हंजे खरं काय होतं?"

"किंगपिन. आन् रिंगा, म्हने. बाकी चालते म्हने अजून दोन वर्सं."

"आन् गिऱ्हाईक?"

"ते हाय. पन गाडीचं काई नाई, टायर कसे हाय येवढंच त्यानं विचारलं."

ज्या एका ओळीला मी गावभर हसलो, ती खरी होती. ज्या ओळी खोट्या होत्या त्या माझ्याच पोरीपायी पडल्या होत्या. चोर ठरवलेल्या माणसानं चाक हलवून पाहिलं होतं. इमानदार ठरवलेल्यानं चहा पिऊन मला त्याच चाकावर घरी पाठवलं होतं. त्याला मी आवाज दाखवला, त्यानं आवाज दुरुस्त केला. माझीच परीक्षा, मीच पेपर काढलेला, आणि त्यात पास झाला तो ज्यानं प्रश्नाच्या बाहेर पाहिलंच नाही. मास्तर लोक असेच मुलं पास करतात, आता माझ्या चवथीबद्दलही मला थोडी शंका येते.

आणि राग. राग आला तो कोणावर काढावा ते समजेना. जावयावर काढावा तर तो बनियनवर पान्हा धरून बसला होता. पोरीवर काढावा तर ती माजरीला. मी विचारलं, "तुमच्या मामीले माहीत हाय हे?"

तो गप्प बसला. मेकॅनिकचं गप्प बसणं मी शिकलो होतो, याचंही लगेच समजलं.

अंधार पडायच्या आत आम्ही मोडका पिन आणि ज्यात तो बसतो ते लोखंडी घर दोन्ही काढलं. जीप तशीच बांधीत दगडांवर ठेवली. घरी आलो तेव्हा बायको दारात उभी होती. आमच्या अंगावरची माती पाहून तिला सगळं कळलं असणार, पण ती आधी मला वरून खालपर्यंत मोजून घेत होती, सगळे हातपाय आहेत का ते.

मी म्हणालो, "तुले माहीत होतं."

"होतं."

"महिनाभर मी गावात नकला करून राह्यलो, तवा सांगाले काय झालं?"

"सांगतलं असतं तं तुमी माह्यीई नक्कल केली असती," ती म्हणाली, आणि आंघोळीचं पाणी काढायला गेली.

जेवायला बसलो. बायकोनं जावयाला कोंबड्याचा उरलेला रस्सा वाढला, मला डाळ. जावयानं अर्धं जेवण झाल्यावर हळूच सुरुवात केली. आवाज त्याचा मऊ होता, खरंच काळजीचा होता. "मामाजी, मी सोमवारी गिऱ्हाइकाले बोलावतो. दुरुस्त करूनच देऊ, म्हंजे भाव येईल. तुमची पोरगीई सुखानं झोपन. तुमी ठरवा, पन..."

"नाई," मी म्हणालो.

बायकोच्या हातातली पळी भांड्यावर वाजली. त्या घरात जावयाला हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला होता. मलाही माझ्या तोंडून तो वेगळाच वाटला, पण निघाला तसा मी तो पुन्हा म्हणालो, म्हणजे चुकून निघाला असं कोणाला वाटायला नको. "नाई, जवाईबापू. जीप इकनार नाई. पोरीले सांगा, तिच्या बापानं ऐकलं, किंगपिन टाकनार, रिंगा टाकनार. त्याच मानसाकडून टाकनार, जो तुमच्या वळखीचा हाय. रंग नाई, सीट नाई. आन् तो पिन पाह्यला का बाकी गाडीई पाहून देईल, पन कागद माह्यासमोर लिवन आन् मराठीत लिवन. एक-एक ओळ हात लावून दाखवन. चाक हलवलं तं मी पन हलवन. मंग दहा मानसं भरायची का आठ, ते मी पाहीन. तिनं जेवन बंद करू नये."

जावई खाली पाहत राहिला. मला वाटलं, आता हा ताट सरकवून उठतो, आणि उद्या सगळ्या सोयऱ्यांमध्ये बोंब. त्यानं ताट पुढे केलं आणि सासूला म्हणाला, "मामी, थोडा भात द्या."

ती एवढा वाढू लागली की त्याला दोन्ही हात आडवे धरावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला जाणारी माणसं पिशव्या घेऊन अंगणात आली. पाटलाचा भाऊही होता, हातात दोन कोंबड्या उलट्या लटकवलेल्या. मी म्हणालो, आज जीप नाही, चाक मोडून नाल्याच्या बांधीत पडली आहे, सगळ्यांनी एसटीनं जा. कोणी हसण्याच्या आत मीच सांगितलं की माजरीच्या माणसानं ते आधीच सांगितलं होतं. मग मोडका पिन आणि त्याचं घर एका पोत्यात घालून तोंड सुतळीनं बांधलं, आणि माजरीच्या गॅरेजात न्यायला, भद्रावतीकडची एसटी पकडायला फाट्यावर निघालो. पोतं जड होतं. एक टोक मी धरलं, दुसरं जवाईबापूंना धरायला सांगितलं.